जखमेपासून निघालेली तांबडी रेघ
लसिकावाहिन्यांचा दाह : त्याची ओळख व उपाय

बैलाच्या खुरांत खडा रुतला तर दिवस मावळण्यापूर्वीं त्याचा पाय उचलून पाहणारा आपला शेतकरी स्वतःच्या पायांत मोडलेल्या कांट्याकडे आठ आठ दिवस पाहत नाहीं. कांटा, धसकट, विळ्याचा ओरखडा आणि चिखल्या हीं शेतीच्या धंद्यांतील नित्याचीं दुखणीं आहेत, व त्यांपैकीं बहुतेक आपोआप बरींही होतात. नेमकें यामुळेंच, जी एखादी जखम आपोआप बरी होणार नाहीं ती वेळेवर ओळखण्याची संवय आपणांस लागलेली नाहीं. अशा जखमेपासून कधीं कधीं एक तांबडी रेघ निघते, आणि ती पायावरून जांघेकडे किंवा हातावरून कांखेकडे चढूं लागते. ही रेघ म्हणजे काय, ती कशी ओळखावी, आणि ती दिसेल त्याच दिवशीं काय करावें, याची माहिती आम्ही येथें देत आहों. हा लेख वैद्यकीचा धंदा करणारांसाठीं नाहीं. ज्यांच्या शेतावर घरचीं व मजुरीचीं चार माणसें राबतात अशा वाशिम जिल्ह्यांतील वाचकांसाठीं तो आहे.

रोगाचें स्वरूप.—काळ्या जमिनीच्या वावरास पाटानें पाणी दिलें म्हणजे तें सर्वच पाणी पिकाच्या मुळ्या घेत नाहींत. उरलेलें पाणी काढून देण्यास चर ठेवावा लागतो, नाहीं तर वावर चिबडतें. आपल्या शरीरांतही अशीच व्यवस्था आहे. रक्त धमन्यांतून सर्व अवयवांस पोंचतें. त्यांतील पातळ अंश अतिशय बारीक नळ्यांतून झिरपून मांसास व त्वचेस पोषण देतो. या द्रवाचा बराच भाग पुनः रक्तांत शिरतो, व जो मागें राहतो तो गोळा करून नेण्यासाठीं त्वचेखालीं निराळ्या बारीक वाहिन्यांचें जाळें पसरलेलें आहे. या वाहिन्यांस लसिकावाहिन्या व त्यांतील द्रवास लसिका असें म्हणतात. पायांतील लसिकावाहिन्या जांघेंत येतात, हातांतील कांखेंत येतात. तेथें त्यांच्या वाटेवर लहान लहान गांठी असून त्या गाळणीचें काम करतात. पुढें या सर्व वाहिन्या एकत्र होऊन मानेच्या मुळाशीं असलेल्या मोठ्या शिरांत रिकाम्या होतात. चर नाल्यास मिळावा व नाला नदीस मिळावा, तसाच हा प्रकार आहे.

त्वचा फाटली म्हणजे जंतु आंत शिरतात. शरीराचे रक्षक त्यांस बहुधा जखमेजवळच गांठतात. थोडी लाली येते, थोडा पू होतो, आणि प्रकरण तेथेंच संपतें. परंतु जंतु जोरदार असले किंवा शरीराची प्रतिकारशक्ति कमी पडली, तर ते लसिकावाहिनींत उतरतात व तिच्या प्रवाहाबरोबर वर चढूं लागतात. ज्या वाहिनींतून ते जातात तिची भिंत व भोंवतालची त्वचा लाल होते, सुजते व ठणकते. तीच बाहेरून दिसणारी तांबडी रेघ होय. इंग्रजी वैद्यकांत या विकारास लिंफॅन्जायटिस असें नांव आहे. तो उत्पन्न करणारे जंतु बहुधा स्ट्रेप्टोकॉकस जातीचे असतात. सूक्ष्मदर्शकाखालीं ते माळेंत ओंवलेल्या मण्यांसारखे दिसतात. कांहीं वेळां द्राक्षांच्या घोंसासारखे दिसणारे स्टॅफिलोकॉकस जंतुही कारण असतात.

पायाला जखम झाली व जांघेंत गांठ सुजली म्हणजे आपण 'अवधाण आलें' असें म्हणतों. अवधाण म्हणजे नवा रोग नव्हे. वाटेवरील गाळणीनें जंतूंस अडविलें आहे व तेथें झुंज चालली आहे, एवढाच त्याचा अर्थ. नुसतें अवधाण कित्येकदां जखमेबरोबर बसून जातें. परंतु जखम, रेघ, अवधाण आणि ताप हीं चार एकत्र आलीं म्हणजे झुंज आपल्या हातची राहिली नाहीं असें समजावें. गाळणीच्या पलीकडे जंतु गेले तर पुढें रक्ताचीच वाट आहे.

आपल्या जिल्ह्यांतील प्रसंग.—१ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यापासून निराळा झालेला आपला जिल्हा वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा आहे, व त्यांतील बहुतेक घरें शेतीवर चालतात. शेतीच्या वर्षाबरोबर जखमांचेंही एक वर्ष चालतें. आषाढ-श्रावणांत पाय दिवसभर चिखलांत राहतात, बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरी पडून कुजते व चिखल्या होतात. चिखल्या ही अनेकांस क्षुल्लक खाज वाटते, परंतु पायाच्या या विकाराचें सर्वांत रुळलेलें दार तेंच आहे. कारण तेथें त्वचा रोज फाटलेली असते व ती दिसत नाहीं. निंदणाच्या दिवसांत बायकांच्या बोटांस कांटे व कुसें लागतात. सोयाबीनची सोंगणी आली म्हणजे विळा, कडक झालेल्या शेंगांचीं टोंकें आणि कापणीनंतर उभे राहिलेले तिरपे खुंट हे तिन्ही एकाच वेळीं हातापायांस भेटतात. कापूस वेंचतांना बोंडाच्या वाळलेल्या टोंकांनीं नखाभोंवतालची कातडी सोलते. तूर कापल्यावर तिचीं धसकटें वहाणेचा तळ सुद्धां भेदतात. उन्हाळ्यांत धुऱ्यावरच्या बाभळी तोडल्या जातात, व त्याच दिवसांत टांचांच्या भेगाही रक्त येईपर्यंत उलतात. लहान मुलांत खरूज खाजविल्यानें किंवा डांस चावल्या जागीं नखें लागल्यानें हाच प्रकार होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. जखम मोठी असली पाहिजे असें नाहीं. विळ्याच्या मोठ्या घावाची काळजी घेतली जाते, पट्टी होते, दवाखाना होतो. घात होतो तो मोहरीएवढ्या छिद्राकडून. कित्येकदां रेघ दिसते तेव्हां मूळ जखम मिटूनही गेलेली असते, आणि रोग्यास ती आठवावी लागते.

लक्षणें.—जखमेनंतर बहुधा एकदोन दिवसांत जखमेची जागा ठणकूं लागते, गरम लागते व सुजते. तेथून एक किंवा अनेक लाल रेघा वर निघतात. त्यांची कड नेहमीं सरळ नसते. कोठें त्या रुंद, कोठें बारीक, कोठें तुटक असतात. बोटानें दाबल्यास रेघेवर दुखतें. पायाच्या रेघा बहुधा आंतल्या बाजूनें गुडघ्यावरून जांघेकडे जातात. हाताच्या रेघा मनगटावरून कोपरापर्यंत व तेथून कांखेकडे जातात. जांघेंत किंवा कांखेंत गांठ सुजते. याबरोबर हुडहुडी भरून ताप येतो, डोकें दुखतें, अंग मोडून येतें, अन्नावरची वासना उडते. कांहीं रोग्यांत ताप रेघेच्या अगोदरच येतो, व घरचीं माणसें त्यास हिंवताप समजून बसतात. म्हणून शेतीच्या हंगामांत ताप आलेल्या मनुष्याचे पाय, बोटांच्या बेचक्या व नखांच्या कडा पाहिल्याशिवाय राहूं नये.

पुस्तकांतून 'लाल रेघ' असें लिहिलेलें असतें, परंतु तें वर्णन गोऱ्या कातडीचें आहे. आपल्याकडील सांवळ्या व उन्हानें रापलेल्या अंगावर ती रेघ लाल न दिसतां तांब्याच्या किंवा जांभळट रंगाची दिसते, आणि कधीं कधीं मुळींच दिसत नाहीं. अशा वेळीं डोळ्यांवर विसंबूं नये. रोग्यास उजेडांत निजवून दोन्ही पाय शेजारीं ठेवावे व हाताची पाठ खालून वर फिरवीत न्यावी. दुखऱ्या पायावर एक पट्टा दुसऱ्या पायापेक्षां गरम लागेल, व त्यावर हलकेंच दाबल्यास रोगी तोंड वांकडें करील. ही परीक्षा घरांतील कोणासही करतां येते.

दुसऱ्या विकारांशीं होणारा घोटाळा.—धांवरें हा याच जंतूंचा विकार आहे. त्यांत लाली पट्ट्यासारखी न चढतां डागासारखी चहूंकडे पसरते व तिची कड उंच व स्पष्ट असते. दोन्ही एकाच पायावर असूं शकतात, व दोहोंचाही उपाय दवाखान्यांतच आहे. नागीण अंगाच्या एकाच बाजूस पट्ट्यानें उठते, परंतु तिच्यांत आग होऊन पाण्याचे फोड येतात व ती जखमेपासून निघत नाहीं. शीर धरली असतां त्वचेखालीं दोरीसारखी कठीण शीर हातास लागते. ती रक्तवाहिनी असते, व तिलाही डॉक्टरांस दाखवावें लागतें. गांधीलमाशी चावल्यावर येणारी सूज चावल्यापासून थोड्याच वेळांत येते व तिच्यांत दुखण्यापेक्षां खाज अधिक असते. कांटा लागल्यानंतर कित्येक आठवड्यांनीं हातावर एकामागून एक गांठी ओळीनें उठल्या, फारसें दुखत नाहीं व तापही नाहीं, तर तें बहुधा बुरशीचें काम असतें. त्याचें औषध अगदीं निराळें आहे. सर्पदंशाचा किंवा विंचवाचा नुसता संशय असला तरी या लेखांतील विचार बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें.

पहिल्या दिवसाचें काम.—रेघ दिसली म्हणजे काम बंद करावें. चालण्यानें स्नायु हलतात व लसिका वर ढकलली जाते. म्हणजे आपणच जंतूंस वाट चालवीत नेतों. रोग्यास खाटेवर निजवून पायाखालीं गोधड्यांची उशी द्यावी व पाय छातीपेक्षां उंच ठेवावा. हात असल्यास तो झोळींत घेऊन उशीवर ठेवावा. जखम स्वच्छ पाण्यानें व साबणानें धुवावी. रेघ जेथें संपते तेथें पेनानें आडवी खूण करून वेळ लिहावी, तसेंच लालीच्या कडेभोंवतीं रेषा आंखावी. या खुणेचें मोल मोठें आहे. दोन तासांनीं रेघ खुणेच्या पुढें गेली असेल तर घाई करण्यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाहीं, आणि डॉक्टरांसही रोगाची गति एका दृष्टिक्षेपांत समजते. पाणी भरपूर पाजावें. तापासाठीं पॅरासिटामॉल योग्य प्रमाणांत चालतें. दुकानदार देईल त्या इतर वेदनाशामक गोळ्या मात्र घेऊं नयेत, कारण त्या दुखणें झांकतात व मूळ रोग आंत वाढत राहतो. ही सर्व तयारी रुग्णालयांत जाईपर्यंतची आहे, रुग्णालयाऐवजीं नव्हे. रेघ संध्याकाळीं दिसली तर सकाळची वाट पाहूं नये.

काय करूं नये.—रेघ वर चढूं नये म्हणून मांडीस किंवा दंडास घट्ट दोरी बांधण्याची समजूत कांहीं ठिकाणीं आहे. तिनें जंतु अडत नाहींत. रक्त मात्र अडतें व पाय अधिक बिघडतो. सुजलेल्या जागेवर तेल चोळून मालीश केल्यास जंतु पुढें ढकलले जातात. अवधाण फोडण्यासाठीं त्यावर चुना-गूळ बांधणें, डाग देणें, घरच्या पात्यानें चीर देणें, हीं सर्व घातुक कामें आहेत. जखमेवर शेण, माती, राख किंवा तंबाखू दाबल्यास धनुर्वाताच्या जंतूंस आपणच बोलावणें धाडतों. हळदीविषयीं आमच्या वाचकांस विशेष सांगावयाचें तें हें, कीं ती आपल्या शेतांत पिकते, घराघरांत आहे, व साध्या खरचटण्यावर ती लावण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. त्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु रेघ निघाली याचा अर्थच असा, कीं जंतु जखम सोडून आंतल्या वाहिनींत गेले आहेत. चोर माजघरांत शिरल्यावर अंगणाला कुंपण घालून काय उपयोग? वरून लावलेलें कोणतेंही औषध त्या वाहिनींत पोंचत नाहीं. तेथें रक्तांतून जाणारेंच औषध पाहिजे.

औषध कसें हातीं आलें.—अशा औषधाअभावीं पूर्वीं काय होत असे, याचें एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. मार्च १८४७ मध्यें व्हिएन्ना येथील प्राध्यापक याकोब कोलेत्श्का यांच्या बोटास प्रेतपरीक्षेच्या वेळीं एका विद्यार्थ्याच्या हातून सुरीचें टोंक लागलें. त्या क्षुल्लक जखमेपासून हाताच्या लसिकावाहिन्यांचा व शिरांचा दाह झाला, विष अंगभर पसरलें, व ते मरण पावले. त्यांचे मित्र डॉक्टर सेमेल्वाइस यांनीं त्यांच्या प्रेतपरीक्षेचा वृत्तांत वाचला, तेव्हां प्रसूतिगृहांतील बाळंतिणी ज्या तापानें मरतात तोच हा रोग आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं त्याच वर्षीं मे महिन्यापासून डॉक्टरांस व विद्यार्थ्यांस क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. त्यांच्या विभागांतील बाळंतिणींच्या मृत्यूचें प्रमाण एप्रिलमध्यें शेंकडा १८ होतें, तें जूनमध्यें शेंकडा सुमारें २ वर आलें. जंतूंचें नांवही ज्या काळीं ठाऊक नव्हतें त्या काळीं नुसत्या धुण्यानें एवढें काम केलें.

पुढें १९३५ सालीं जर्मनींतील गेऱ्हार्ड डोमाक यांच्या लहान मुलीच्या हातांत सुई शिरली व याच जातीच्या जंतूंनीं तिचा हात बिघडला. हात कापण्यापर्यंत वेळ आली असतां वडिलांनीं स्वतः शोधलेलें प्रॉन्टोसिल नांवाचें औषध तिला दिलें, व हात वांचला. त्यानंतर पेनिसिलिन आलें. १९४१ च्या फेब्रुवारींत ऑक्सफर्ड येथें आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास तें टोंचण्यांत आलें. तो मरणाच्या दारांतून परत येऊं लागला. परंतु औषधाचा सांठा इतका थोडा होता, कीं त्याच्या लघवींतून तें काढून पुनः त्यासच देण्यांत येत होतें. सांठा संपला, रोग उलटला, व मार्चमध्यें तो वारला. आज तोच सांठा अपुरा नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, व १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. आज औषधाचा तोटा नसतांही, ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशीं गोळ्या टाकून देणारा मनुष्य त्या शिपायाची स्थिति स्वतःवर ओढवून घेतो.

दवाखान्यांतील उपाय.—डॉक्टर प्रथम जखमेचें दार शोधतात, मोडलेला कांटा किंवा सांचलेला पू असल्यास तो काढतात, नाडी, श्वास व रक्तदाब पाहतात, आणि गरजेप्रमाणें रक्त तपासतात. रोग सौम्य असेल, ताप फार नसेल व रोगी अन्नपाणी घेत असेल, तर तोंडानें घ्यावयाचें जंतुनाशक औषध पुरतें. ताप जोराचा असेल, रेघ झपाट्यानें वाढत असेल, उलट्या होत असतील, रोगी बालक, वृद्ध, गर्भिणी किंवा मधुमेही असेल, तर शिरेंतून औषध देण्यासाठीं दाखल करून घेतात. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंवर पेनिसिलिन आजही गुणकारी आहे; स्टॅफिलोकॉकसवर मात्र साधें पेनिसिलिन बहुधा चालत नाहीं. म्हणून कोणतें औषध, किती व किती दिवस, हें डॉक्टरांनींच ठरवावें. शेजाऱ्याच्या घरीं उरलेल्या गोळ्या किंवा औषधाच्या दुकानांतून मागून घेतलेली अर्धी पट्टी यांवर हा रोग सोंपवूं नये. पूर्वीं पेनिसिलिननें अंगावर पित्त उठलें असेल, श्वास कोंडला असेल, तर तें सुई घेण्यापूर्वींच सांगावें. मधुमेह असल्यास तोही सांगावा. धनुर्वाताची सुई केव्हां घेतली होती हेंही डॉक्टर विचारतील.

योग्य औषध सुरू झाल्यावर एकदोन दिवसांत ताप उतरूं लागतो व रेघ फिकी होऊन आंखलेल्या खुणेच्या मागें सरते. अठ्ठेचाळीस तासांत असा पालट न दिसल्यास पुनः दाखवावें. औषध बदलावें लागेल किंवा आंत पू असेल. अवधाण मात्र लवकर बसत नाहीं. रोग गेल्यावरही गांठ कित्येक आठवडे हातास लागते, तेवढ्यावरून घाबरूं नये. सांगितलेले सर्व दिवस औषध घ्यावें व पाय जमेल तितका उंच ठेवावा.

तत्काळ रुग्णालय गांठण्याचीं चिन्हें.—रोगी बडबडूं लागला किंवा गुंगींत गेला, श्वास जलद झाला, लघवी कमी झाली, हातपाय थंड पडले; किंवा त्वचा काळीनिळी पडून फोड आले, अथवा बाहेर दिसणाऱ्या लालीच्या मानानें वेदना असह्य झाल्या, तर एक क्षणही दवडूं नये. जंतु रक्तांत गेल्याचीं किंवा मांस कुजूं लागल्याचीं हीं चिन्हें आहेत. अशा वेळीं १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व वाशिम येथील जिल्हा रुग्णालय किंवा जवळचें मोठें रुग्णालय गांठावें. मधुमेही मनुष्यास पायाची संवेदना कमी झाली असल्यानें तो 'दुखत नाहीं' म्हणून सांगेल. त्याच्या शब्दावर न जातां पाय डोळ्यांनीं पाहावा.

वारंवार होणारा प्रकार व हत्तीरोग.—एकदां दाह झालेल्या वाहिन्या कधीं कधीं कायमच्या बिघडतात. चर बुजला म्हणजे वावर चिबडतें, तसा पाय सुजलेला राहतो. सुजलेल्या पायांत जंतूंचें फावतें व दाह पुनः होतो. प्रत्येक दाहानें सूज वाढते. हें चक्र हत्तीरोगांत सर्वांत स्पष्ट दिसतें. पूर्व विदर्भांतील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या बाजूस हा रोग जुना आहे, व तेथें डासांवाटे पसरणाऱ्या कृमींविरुद्ध सामुदायिक औषधयोजना चालते. नागपूर जिल्ह्यांत जानेवारी २०१९ पासून तीन औषधें एकत्र देण्यास प्रारंभ झाला. कृमीच्या स्वतःच्या दाहाची रेघ जांघेकडून खालीं उतरते, व जखमेंतील जंतूंची रेघ खालून वर चढते, असा वैद्य फरक सांगतात. परंतु सूज आलेल्या पायास वारंवार जे तापाचे झटके येतात ते बहुतांशीं जंतूंचेच असतात, आणि त्यांवर सर्वांत उत्तम उपाय म्हणजे पाय रोज साबणानें धुणें, बेचक्या कोरड्या करणें व चिखल्यांस बुरशीनाशक मलम लावणें हाच ठरलेला आहे. ज्यांस झटके पुनः पुनः येतात त्यांस डॉक्टर कित्येक महिने पेनिसिलिन थोड्या प्रमाणांत चालू ठेवतात. तेंही डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावें.

प्रतिबंध.—सायंकाळीं शेतांतून आल्यावर पाय धुण्याची चाल आपल्याकडे आहेच. तिच्यांत तीन गोष्टींची भर घालावी. पहिली, नुसतें पाणी न ओततां साबण लावून बोटांच्या बेचक्या धुवाव्या. दुसरी, पाय कोरड्या फडक्यानें टिपावे. ओल्या बेचक्या धुतल्या न धुतल्या सारख्याच. तिसरी, धुतांना पाय पाहावा. ज्याचें पोट आड येतें किंवा दृष्टि मंद आहे त्याचे पाय घरांतील दुसऱ्यानें पाहावे. कांटा मोडला असल्यास त्याच संध्याकाळीं, पाण्यांत उकळलेल्या सुईनें व धुतलेल्या हातांनीं काढावा. तो खोल किंवा सांध्याजवळ असेल तर कोरूं नये. टांचांच्या भेगांस रात्रीं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावें. चिखलांत गमबूट व सोयाबीनच्या सोंगणीस जाड तळाचे बंद जोडे घालावे. शेतावरच्या कोठ्यांत साबणाची वडी, स्वच्छ पाण्याचा हंडा, धुतलेलें फडकें व पट्टी ठेवावी. या सर्वांचा खर्च कीटकनाशकाच्या एका लहान बाटलीइतकाही होत नाहीं. धनुर्वाताची सुई वेळेवर घेत जावी.

शेवटीं आपल्या सालदारांविषयीं व रोजावर येणाऱ्या बायामाणसांविषयीं दोन शब्द सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें. मालकाचा पाय सुजला तर मोटारसायकल दारांत उभी असते. मजुराच्या बाबतींत रोज बुडण्याची भीति रेघेपेक्षां मोठी असते, म्हणून तो बोलत नाहीं व लंगडत का होईना सोंगणी पुरी करतो. अशा मनुष्यास काम थांबविण्यास सांगणें, त्या दिवसाची मजुरी न कापणें आणि त्यास दवाखान्यापर्यंत पोंचविणें हें मालकाचें काम आहे. यांत धर्म तर आहेच, पण हिशेबही आहे. पहिल्या दिवशीं ज्या रोगास थोड्या गोळ्या व चार दिवसांची विश्रांति पुरते, त्यासच पांचव्या दिवशीं रुग्णालयांतील कित्येक आठवडे लागतात, आणि कधीं कधीं तेही पुरत नाहींत. येत्या हंगामांत सोंगणीची टोळी ठरवितांना मजुरीच्या दराबरोबर एवढीही गोष्ट ठरवून घ्यावी, कीं ज्याच्या अंगावर तांबडी रेघ दिसेल त्यानें ती त्याच दिवशीं सांगावी, व सांगितल्याबद्दल त्याचें कांहींही बुडणार नाहीं.